अडेनियमचा बुंधा पावसात मऊ पडला तर

प्रश्न : बल्कांवासमोर (घरापुढच्या ओट्यासमोर) उघड्यावर ठेवलेल्या अडेनियमची पाने जूनच्या पावसात पिवळी पडून गळाली. फुगीर बुंधा एका बाजूने मऊ लागतो. खत घालू का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : खत अजिबात नको, पाणीही बंद करा. बुंधा अंगठ्याने दाबून पाहा. तहानलेला बुंधा सगळीकडून सारखा आक्रसतो, सालीला सुरकुत्या पडतात आणि पाणी मिळाले की पुन्हा भरतो. सडलेला मात्र एकाच जागी अतिपिकल्या चिकूसारखा आत जातो, तिथून तपकिरी पाणी येते. तुमचे झाड सडते आहे.

हे झुडूप मूळचे सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातले आणि येमेन-ओमानकडचे. अडेनियम हे नावही येमेनमधल्या एडनवरून आले. तिथे ते खडकांच्या फटीत, मुरमाड उतारावर वाढते. पडेल तो थोडा पाऊस लगेच निथळतो आणि कोरडे महिने झाड बुंध्यातल्या साठ्यावर काढते. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. ओल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही आणि बुरशीला रान मोकळे होते.

आजच झाड कुंडीतून काढा, माती झाडा आणि धारदार सुरीने मऊ भाग कापा. दर कापानंतर सुरी स्पिरिटने पुसा. आत स्वच्छ, टणक गर लागेपर्यंत कापत राहा. इथेच बहुतेकांचा हात आखडतो. पण तपकिरी ठिपका जरी राहिला तरी सड पुन्हा वर चढते. हातमोजे घालाच. झाड कण्हेरीच्या कुळातले, चीक विषारी. आफ्रिकेत तो बाणांच्या टोकांना लावत. कापावर कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची पावडर लावून झाड छपराखाली, वाऱ्याला टांगून ठेवा. या हवेत काप सुकायला पंधरा दिवसही लागतील. घाई करू नका.

लावताना २ भाग नदीची जाड रेती, २ भाग चिऱ्यांची (जांभ्या दगडाची) वाटाण्याएवढी खडी आणि १ भाग कुजलेले, चाळलेले शेणखत घ्या. खडीतली लाल धूळ चाळून काढा, नाहीतर तीच चिखल होऊन भोके बुजवते. समुद्राची वाळू नको, तिच्यात मीठ असते. पहिले पाणी झाड लावल्यानंतर आठवड्याने द्या. दसऱ्यापर्यंत कुंडी छपराखालीच, पण पागोळ्यांपासून लांब ठेवा.

प्रश्न : झाड हिरवेगार आहे, फुले मात्र नाहीत. (एक वाचक, डिचोली)

उत्तर : ऊन कमी पडते आहे. रोज सहा तास थेट ऊन हवे. युरिया बंद करा, त्याने नुसती पाने येतात. फेब्रुवारीत फांद्या एक तृतीयांश छाटा. कळ्या नव्या शेंड्यांवरच धरतात.