सहलीची तारीख ठरवण्याआधी तिथी बघा

प्रश्न : आठवीच्या 45 मुलांना डिसेंबरात दोन दिवस गुहागर-हेदवीला न्यायचं आहे. किनारा नीट दाखवायचा आहे, पण मागे कचरा सोडायचा नाही. सुरुवात कुठून करावी?
— एक शिक्षिका, सातारा

उत्तर : तिथीपासून. नुसती सुट्टी आणि गाडी बघून तारीख घेतली, तर मुलं नेमकी भरतीला पोचतात. खडक पाण्याखाली, बघायला काही नाही, मग पोरं पाण्यात शिरतात. कोकणातला जुना हिशेब असा : तिथीला 3 ने गुणा, 4 ने भागा, भरतीची वेळ आली. तृतीयेला सव्वादोन, म्हणजे ओहोटी सकाळी आठच्या सुमारास. हा झाला अंदाज; नक्की वेळ भरती-ओहोटीच्या कोष्टकात बघा. पौर्णिमा-अमावास्येनंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे, पाणी खूप मागे हटतं. अष्टमीच्या आसपास भांग असते, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी; तेव्हा खडक पुरते उघडे पडतच नाहीत. मुक्काम गुहागरला ठेवा. हेदवीत सकाळच्या ओहोटीला खडकातले जीव पाहून होतात आणि दुपारच्या भरतीला बामणघळीत, म्हणजे तिथल्या खडकातल्या अरुंद घळीत, उसळणारं पाणी. ते मात्र लांबूनच.

ओहोटीच्या तासभर आधी खडकांवर उतरा, पाणी फिरलं की वर या. दहा मुलांमागे एक मोठं माणूस हवंच. चपला नकोत, पकड असलेले बूट घाला : शेवाळावर पाय सरकतो आणि खडकाला चिकटलेल्या कालवांच्या (शिंपल्यांच्या) कडा चांगल्याच कापतात. दगड उलटला तर होता त्याच बाजूने परत ठेवायचा, नाहीतर खाली चिकटलेले स्पंज आणि इतर बारीक जीव उन्हात वाळून मरतात. रिकामे शंखही उचलू देऊ नका. काही खेकडे त्यातच घर करतात.

आता कचरा. मुलं आणि शिक्षक मिळून 50 जण, माणशी 3 लिटर धरलं तर रोज 150 लिटर पाणी, म्हणजे 20 लिटरचे 8 जार. तेच लिटरच्या बाटल्यांत घेतलं तर रोज दीडशे बाटल्या! जारला तोटी लावा, प्रत्येकाची बाटली घरची. ताट, वाटी, पेला स्टीलचा, तोही घरचा. चकचकीत कागदी पत्रावळींच्या फंदात पडू नका, त्यांवर बहुधा प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो आणि तो कुजत नाही. खरा घोळ खाऊचा : वेफर्सच्या पुड्या पालकच दप्तरात भरून देतात. पालकसभेत आधीच सांगा, खाऊ डब्यातूनच येईल.

प्रश्न : त्याच सहलीत वेळासला कासवांची पिल्लं दिसतील का?

उत्तर : डिसेंबरात आशा धरू नका. ऑलिव्ह रिडले माद्या साधारण नोव्हेंबरपासून अंडी घालतात आणि पिल्लं बाहेर यायला दीड-दोन महिने लागतात. बहुतेक पिल्लं फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये निघतात, म्हणजे ऐन परीक्षांच्या दिवसांत. शिवाय ती ठरल्या दिवशी निघतीलच असं नाही. गेलातच तर गावातल्या घरांत राहा, आणि पिल्लांवर फ्लॅश किंवा टॉर्च मारू देऊ नका. उजेडाने ती भरकटतात.