समुद्रात हरवलेले वैमानिक: वाचकांची प्रश्नोत्तरे

दुसऱ्या महायुद्धात घरातला कुणी विमानासकट समुद्रात गेला, देह मिळाला नाही. अशा घरांकडून तेच ते प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून पाच एकत्र घेतले आहेत.

प्र. आजोबांचे धाकटे भाऊ १९४४ मध्ये बंगालच्या उपसागरावर बेपत्ता झाले. खडकीच्या वॉर सिमेट्रीत त्यांची कबर असेल का? (औंध)

उ. नाही. देहच मिळाला नाही तर कबर कुठून असणार?

प्र. मग नाव कुठे कोरलं असेल? इंग्लंडमधल्या रनिमीड स्मारकाच्या यादीत सापडलं नाही. (सहकारनगर)

उ. सापडणार नाहीच. रनिमीडवरची वीस हजारांहून अधिक नावं ब्रिटन आणि वायव्य युरोपातून उडालेल्यांची. ब्रह्मदेश आघाडीवरचे सिंगापूरच्या क्रांजी इथल्या स्मारकावर असतात, भूमध्य समुद्रातले बहुतेक माल्टाला. युद्धात गेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतं. तिथे फक्त आडनाव घालून हात टेकू नका. कुलकर्णी इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहितात, शिवाय वडिलांचं नाव आडनावाच्या जागी बसलेलं असतं. सेवाक्रमांक हाताशी असेल तर त्याच्याशी ताडून पाहा. नोंदीत चूक दिसली तर कागदाची प्रत जोडून कमिशनलाच लिहा.

प्र. तारेत नुसतं 'बेपत्ता' होतं, सहा महिन्यांनी 'मृत' कळवलं. कायद्यात तर सात वर्षं आहेत ना? आजी म्हणायची, ते जपान्यांच्या छावणीत होते. (सदाशिव पेठ)

उ. सात वर्षांचा नियम न्यायालयाचा: तेव्हाच्या पुरावा कायद्याचं कलम १०८, आताच्या साक्ष्य अधिनियमाचं १११. हवाई दल साधारण सहा महिने वाट पाहून कामकाजापुरता मृत्यू गृहीत धरायचं. छावणीच्या गोष्टी बहुतेक घरांत ऐकू येतात. आजींच्या आशेबद्दल बोलायचं नाही, पण तो पुरावा नव्हे. पुरावा हवा तर स्क्वाड्रनची नोंदवही पाहा. या नोंदवह्या ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, एआयआर २७ या मालिकेत आहेत. त्यातल्या ५४१ क्रमांकाच्या फॉर्मवर विमानाचा क्रमांक, चमूची नावं, कामगिरी आणि उड्डाणाची वेळ मिळते. परत न आलेल्या विमानाच्या उतरल्याच्या रकान्यात वेळ नसते. वारसाहक्काचा मुद्दा असेल तर वकील गाठा.

प्र. ती तार जीर्ण झाली आहे. लॅमिनेट करून घेऊ का? (कोथरूड)

उ. नको, नको आणि नको! दुकानदार 'कायमचं टिकेल' म्हणतो, कारण त्याचं मशीन चालायला हवं. तापलेलं प्लास्टिक कागदात मुरतं ते परत निघत नाही. कागदातलं आम्ल आतच राहतं आणि कागद आतल्या आत पिवळा, ठिसूळ होत जातो. तारेवर मजकुराच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतील तर उष्णतेने त्याही सरकतात. सेलोटेपही तितकाच वाईट, डिंक तपकिरी होऊन अक्षरांत उतरतो.

हात धुऊन कोरडे करा. गंजकी टाचणी असेल तर ओढू नका, खालून कागदाची पट्टी सरकवून सोडवा. घडी कडकडत असेल तर जबरदस्तीने उलगडू नका. खिडकीच्या उजेडात, फ्लॅशशिवाय, दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. मागे पेन्सिलीत काही लिहिलेलं असतं. पाकीट तर मुळीच फेकू नका. सेवाक्रमांक, सेन्सॉरचा शिक्का, टपालाची तारीख कित्येकदा त्याच्यावरच असते. मग आम्लरहित कागदाच्या फोल्डरमध्ये सपाट ठेवा. पीव्हीसीचा पाऊच नको, माळा नको, ओल धरणाऱ्या भिंतीलगतचा कप्पा नको. डांबरगोळी कागदाला टेकवू नका. हे पावसाळ्याआधी उरका, 'दिवाळीत बघू' म्हणेपर्यंत कसर तिचं काम करून जाते. तुकडे पडत असतील तर स्वतः काही करू नका. भांडारकर संस्थेसारख्या हस्तलिखितं सांभाळणाऱ्या ठिकाणी चौकशी करून कागदसंवर्धकाला दाखवा.

प्र. परदेशातली एक संस्था आमचा डीएनए घेऊन अवशेष शोधून देते म्हणते, आगाऊ पैसे मागते. त्यांचा एजंट एक ब्रह्मदेश-पदक दाखवून 'हेच तुमच्या काकांचं' असंही म्हणतो. (हडपसर)

उ. डीएनए जुळवायला आधी अवशेष लागतात. पदकाचं म्हणाल तर ब्रिटिश सैनिकांना या युद्धाची पदकं नाव न कोरता दिली, भारतीयांच्या पदकांवर मात्र नाव कोरलेलं असायचं. त्यामुळे मागे नाव नसेल तर 'हेच तुमच्या काकांचं' हे पदकावरून ठरतच नाही. काही देऊ नका. पैसे गेलेच असतील तर बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर आजच फोन करा.