रोटरी इंजिनच्या गाडीला मुंबईत टिकेल असा सायलेन्सर कोणता घ्यावा?

तुमचा प्रश्न असा आहे: जुनी माझदा आरएक्स-८ घेतली, गाडी बहुतेक मुंबईतच फिरते, मागचा सायलेन्सर सडलाय, आणि आता पुन्हा पुन्हा बदलावा लागणार नाही असा आफ्टरमार्केट (मूळ कंपनीचा नसलेला) मफलर, म्हणजे सायलेन्सर, हवाय.

मी कुर्ल्यात एक्झॉस्टचं फॅब्रिकेशन करतो. रोटरी गाड्या आपल्याकडे मोजक्याच, कारण माझदाने त्या भारतात कधी विकल्याच नाहीत. ज्या आल्या त्या बाहेरून आल्या. पण जी येते तिचं काम मी मन लावून करतो, कारण या इंजिनासारखा एक्झॉस्टचा कस दुसरं कुठलं रस्त्यावरचं इंजिन घेत नाही.

आधी सरळ उत्तर देतो. ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसचा, आतून आरपार जाळीची नळी असलेला, बसेल तेवढा मोठ्या पोटाचा आणि मागचं झाकण बोल्टने उघडतं असा मफलर घ्या. त्याच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला, पाइपात एक लहान रेझोनेटर (आवाज कमी करणारा छोटा डबा) ठेवा. कॅट, म्हणजे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, काढू नका. आणि हे सगळं बसवायच्या आधी इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारे भाग) तपासून घ्या. माझ्या मते कॉइलचा मुद्दा ब्रँडपेक्षाही महत्त्वाचा आहे.

कारण समजून घ्या. पिस्टनच्या इंजिनात ज्वलन एका आटोपशीर गोल जागेत होतं. रोटरीत पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो; तिथे ती जागा लांबट, चपटी असते आणि रोटरबरोबर पुढे सरकत असते. ज्योत त्या लांब जागेच्या टोकापर्यंत नीट पोचत नाही, थंड भिंतींजवळ विझते. म्हणून एका रोटरला दोन प्लग देतात, तरी थोडं पेट्रोल न जळताच राहतं. एक्झॉस्टला व्हॉल्व्ह नसतो. रोटरची कड पोर्टवरून सरकली की पोर्ट उघडतो आणि तापलेला वायू उरलेल्या इंधनासकट बाहेर पडतो. ते इंधन मग पाइपात जळतं. पूर्ण थ्रॉटलला मॅनिफोल्डजवळ (इंजिनाला जोडलेल्या एक्झॉस्टच्या पहिल्या भागाजवळ) ९०० अंश सेल्सियसच्या वर तापमान जाणं रोटरीत नेहमीचं आहे. १९७० च्या दशकात माझदाने याच उष्णतेचा उपयोग करून घेतला होता. अमेरिकेतल्या उत्सर्जनाच्या नियमांसाठी त्यांनी थर्मल रिअॅक्टर बसवला, म्हणजे मॅनिफोल्डच्या जागी एक जाड भट्टीच, जिच्यात बाहेरची हवा सोडून उरलेलं इंधन जाळून टाकायचं.

तुमच्या आरएक्स-८ चं रेनेसिस इंजिन यात थोडं सौम्य आहे. आरएक्स-७ मधल्या जुन्या १३बी इंजिनात एक्झॉस्ट पोर्ट रोटर हाउसिंगच्या परिघावर होते आणि झटक्यात उघडायचे. रेनेसिसमध्ये ते बाजूच्या भिंतीत नेले, त्यामुळे धक्का कमी बसतो. तरीही सहा गिअरच्या मॅन्युअल गाडीत ९००० आरपीएमला सेकंदाला वायूचे ३०० ठोके मफलरवर बसतात. आरएक्स-७ वाल्यांनी हे उत्तर वाचलं तर त्यांनी पुढचं सगळं आणखी काटेकोरपणे पाळावं.

आता मफलर नेमका मरतो कसा, ते बघू. पहिलं कारण आतला माल. आरपार नळीच्या भोवती ग्लास वूल भरलेलं असतं, तेच आवाज खातं. साधी काचेची वूल रोटरीच्या उष्णतेत ठिसूळ होते, ठोक्यांनी तिची पूड होते आणि ती जाळीच्या भोकांतून टेलपाइपवाटे निघून जाते. बाहेरून डबा चकचकीत, आतून रिकामा. गाडीचा आवाज महिन्यागणिक फाटका होत गेला तर हेच झालंय असं समजा. म्हणून जाळीला आधी स्टेनलेस वूलचा थर हवा आणि त्याच्या बाहेर बेसॉल्ट किंवा लांब धाग्याची उच्च तापमानाची काच. विक्रेत्याला हे विचाराच. 'आत काय भरलंय?' याला 'बेस्ट क्वालिटी आहे साहेब' एवढंच उत्तर मिळालं तर दुसरीकडे जा. बोल्टचं झाकण मी याचसाठी सांगतो: माल कधी ना कधी संपतोच, तेव्हा डबा न फेकता तो पुन्हा भरता येतो. भरताना तोंडाला चांगला मास्क लावायला सांगा, हे तंतू फुफ्फुसात जाणं वाईट.

आत पडदे घातलेल्या, चेंबरवाल्या मफलरमध्ये माल नसतो, तो टिकतो असंही लोक म्हणतात. साध्या गाडीत खरं आहे. रोटरीत मात्र त्या पडद्यांची वेल्डिंगं सतत तापून-निवून तडकतात आणि मग आत पत्रा खडखडतो. माझदाने मूळ डब्यात हे निभावलं, पण तो वजनाने किती जड आहे ते उतरवताना कळेलच. शांत गाडी हवी असेल आणि चांगल्या अवस्थेतला मूळ मफलर मिळाला, तर तोच सगळ्यात टिकाऊ पर्याय आहे. नुसता मफलर बदलून या इंजिनात ताकद फारशी वाढत नाही, हेही लक्षात असू द्या.

दुसरं कारण पत्रा, आणि इथे मुंबईचा संबंध येतो. ४०९ ग्रेडमध्ये क्रोमियम ११ टक्क्यांच्या आसपास असतं. कंपन्या तो सर्रास वापरतात, कोरड्या गावात चालतोही. आपल्या खाऱ्या दमट हवेत त्यावर पहिल्याच पावसाळ्यात तांबेरा येतो. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. पण बाजारात ३०४ च्या नावाखाली २०० सिरीजचा माल, ज्याला व्यापारी जे-फोर म्हणतात, खूप फिरतो. त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त. लोहचुंबक लावून बघा असं कोणी सांगेल. चुंबकाने फक्त ४०९ ओळखू येतो. २०० सिरीजलाही चुंबक जवळजवळ चिकटत नाही, त्यामुळे फसगत तशीच राहते. सी.पी. टँक आणि कुंभारवाड्यातले पाइपवाले टेस्टिंगचं लिक्विड ठेवतात, एक थेंब आणि छोटी बॅटरी लावली की रंगावरून २०० सिरीज उघडी पडते. पाइप घेताना समोर करून घ्या, कोणी वाईट मानत नाही.

कॅटच्या लगतच्या गरम भागाला ३०४ सुद्धा मनासारखा नाही. साधारण ४५० ते ८५० अंशांच्या पट्ट्यात फार वेळ राहिला की त्यातलं क्रोमियम कार्बनशी जोडलं जातं आणि वेल्डच्या कडेचा पत्रा गंजाला मोकळा होतो. तिथे टायटॅनियम मिसळलेला ३२१ वापरावा, नाही मिळाला तर निदान कमी कार्बनचा ३०४एल. मफलरपर्यंत वायू बराच निवलेला असतो, तिथे ३०४ पुरतो. मफलर जितका मागे, तितका तो जगतो. पुढचा रेझोनेटर उष्णतेचा आणि ठोक्यांचा पहिला मार स्वतः झेलतो. तीन इंचापेक्षा जाड पाइप घालू नका. ताकद मिळत नाही आणि हायवेला केबिनमध्ये आवाज घुमतो.

वेल्डिंग आर्गन वायूचंच करून घ्या, आणि पाइपाच्या आतूनही आर्गन सोडायला लावा. तसं केलं नाही तर जोडाच्या आत काळी दाणेदार कड तयार होते आणि तडा तिथूनच जातो. पाइप जोडायच्या आधी आत बोट फिरवून बघा, लगेच कळतं.

तिसरं कारण पाणी. पेट्रोल जळलं की वाफ होते, आणि थंड मफलरमध्ये ती पाणी होऊन साचते. दादरहून परळला जाऊन परत, एवढीच गाडी चालत असेल तर ते पाणी कधी उडतच नाही. रोटरीला थंड चालू करून लगेच बंद करणं तसंही चालत नाही, प्लग ओले होऊन इंजिन फ्लड होतं. आठवड्यातून एकदा ईस्टर्न फ्रीवेवर किंवा कोस्टल रोडवर पूर्ण गरम होईपर्यंत चालवा, इंजिन आणि मफलर दोघांनाही बरं. मफलरच्या सगळ्यात खालच्या जागी तीन मिलिमीटरचं भोक पाडून घ्या, म्हणजे साचलेलं पाणी गळून जाईल. आणि पाणी भरलेल्या हिंदमाता किंवा मिलन सबवेसारख्या जागी ही गाडी घालू नका. लाल तापलेल्या पाइपावर पाणी चढलं की वेल्ड फुटतात.

आता कॉइल. आरएक्स-८ मध्ये चार असतात आणि त्या अशक्त होणं हे या गाडीचं ओळखीचं दुखणं आहे. एक कॉइल अर्धवट ठिणगी देऊ लागली की न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन पेटतं. कॅटचा आतला मधाच्या पोळ्यासारखा भाग वितळतो, रस्ता तुंबतो, उष्णता इंजिनातच अडकते आणि रोटरचे सील जातात. तुटलेल्या कॅटचे तुकडे मागे येऊन मफलरची जाळी बुजवतात. तुमचा सायलेन्सर नुसत्या गंजाने गेला की कॅटच्या तुकड्यांनी, हे कापून बघितल्याशिवाय नवीन घेऊ नका. आत तुकडे खडखडत असतील तर आधी कॉइल, प्लग, कॅट आणि रोटरीचं कॉम्प्रेशन तपासा.

कॅट काढून पाइप घालायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. रोटरी इंजिन मुद्दाम थोडं तेल जाळतं, हायड्रोकार्बन आधीच जास्त. कॅट नसेल तर पीयूसीला अडचण येते आणि सगळी आग मफलरवर येते. शिवाय कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली आवाज आणि प्रदूषणाची मर्यादा ओलांडली तर पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि लायसन्सही तीन महिने अपात्र. दंडाचं सोडा, आपण ज्या शहरात राहतो तिथे प्रत्येक गल्लीत कोणाचं तरी बाळ झोपलेलं असतं, कोणी आजारी असतं. १९९१ च्या ल माँ शर्यतीत जिंकलेल्या माझदाच्या ७८७बी या रोटरी गाडीचा आवाज मलाही प्रिय आहे, पण तो चार रोटरचा, शर्यतीच्या ट्रॅकवरचा.

तयार माल मागवायचा असेल तर कॅलिफोर्नियाच्या रेसिंग बीटचा बघा. या मंडळींनी कित्येक दशकं रोटरीवर काम केलंय. एचकेएस आणि बोर्लाही नावाजलेले आहेत. मागवताना शिपिंग आणि कस्टम्सचा आकडा आधी विचारा, मफलर अवजड असतो आणि तो खर्च टोचतो. टायटॅनियमचा घेऊ नका: तडा गेला तर इथे नीट जोडणारा हात शोधत फिरावं लागेल. बजेट कमी असेल तर वर सांगितलेल्या मालाने चांगला फॅब्रिकेटर इथेच बनवून देईल, आणि दुरुस्तीला तोच जवळ असेल.

बसवताना शेवटची काळजी. तीन मीटरचा ३०४ पाइप सरासरी ४०० अंशांनी तापला तर सुमारे दोन सेंटिमीटर लांबतो. हँगरचे रबर नवीन घ्या, मधे एक फ्लेक्स (लवचिक) जोड ठेवा, आणि बंपर, हीट शील्ड, सस्पेन्शनपासून तेवढी जागा मोकळी सोडा. आरएक्स-८ खाली बसते, त्यामुळे सोसायटीच्या गेटजवळचा स्पीड ब्रेकर चार माणसं बसवून एकदा ओलांडून बघा. पहिल्या लांब फेरीनंतर फ्लँजचे नट थंड झाल्यावर पुन्हा आवळा. कॅटपासून टेलपाइपपर्यंतचे फोटो टाकलेत तर पाइप कुठे कापायचा आणि रेझोनेटर कुठे बसेल, ते मी सांगू शकेन.