व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला झालेला प्रत्येक न्यूमोनिया ‘व्हॅप’च असतो का?

नाही. तुम्ही विचारलंय की व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या एक्स-रेत नवा डाग दिसला तर फाइलवर सरळ ‘व्हॅप’ (व्हेंटिलेटरशी निगडित न्यूमोनिया) लिहावं का. मी आयसीयूत काम करते. असा डाग दिसला की मी आधी बघते, श्वासनलिकेत व्हेंटिलेटरची ट्यूब कधी टाकली ते. तारीख आणि वेळ, दोन्ही.

ट्यूब टाकून ४८ तास उलटल्यावर सुरू झालेला न्यूमोनिया म्हणजे व्हॅप. न्यूमोनिया घेऊनच आलेल्या आणि धाप वाढल्यामुळे त्याच रात्री ट्यूब टाकलेल्या रुग्णाचा तो न्यूमोनिया बाहेरचाच. रुग्ण दहाव्या दिवशी व्हेंटिलेटरवर असला म्हणून त्याचं नाव बदलत नाही. (सुधारत असताना छाती पुन्हा नव्यानं बिघडली, तर मात्र नव्यानं विचार करायचा.) सगळ्यात जास्त गल्लत होते ती तिसऱ्या प्रकारात. दुसऱ्याच कारणासाठी दाखल झालेल्या रुग्णाला चौथ्या दिवशी वॉर्डात न्यूमोनिया होतो आणि पाचव्या दिवशी व्हेंटिलेटर लागतो. हा ‘हॅप’, म्हणजे रुग्णालयात झालेला न्यूमोनिया. व्हेंटिलेटर त्याच्यानंतर आला. याला व्हॅप म्हटलं तर ट्यूबची निगा राखणाऱ्यांच्या माथी नसलेला दोष जातो आणि वॉर्डात काय चुकलं ते कुणी बघतच नाही.

पण घड्याळ फक्त ‘कधी’ ते सांगतं. मुळात न्यूमोनिया आहे का, हा प्रश्न जास्त अवघड आहे. फुफ्फुसात पाणी साचलं, एखादा भाग मिटला, रक्तस्राव झाला, तरी एक्स-रे तसाच दिसू शकतो. ट्यूबमधल्या स्रावाच्या कल्चरवरही, म्हणजे त्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून बघण्याच्या तपासणीवरही, डोळे मिटून विसंबू नका. काही दिवसांत ट्यूबवर जंतू वस्ती करतातच. म्हणून संख्या मोजून घेतलेल्या कल्चरमध्ये सहसा ट्यूबमधल्या स्रावासाठी दर मिलिलिटरला १,००,००० जंतू आणि फुफ्फुस धुऊन घेतलेल्या नमुन्यासाठी १०,००० हा उंबरठा धरतात. ताप, पांढऱ्या पेशी, कफाचा बदललेला रंग आणि वाढलेली ऑक्सिजनची गरज यांच्या जोडीनंच त्या आकड्याला अर्थ येतो.

तुम्ही वाचलेले पीप (श्वास सोडल्यावरही व्हेंटिलेटर फुफ्फुसात राखतो तो दाब) आणि ऑक्सिजनचे निकष वेगळ्या कामाचे आहेत. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं ते २०१३ मध्ये आणले: दोन दिवस स्थिर किंवा सुधारत असलेल्या रुग्णाचं दिवसभरातलं किमान पीप पाण्याच्या किमान ३ सेंटिमीटरनं किंवा किमान ऑक्सिजनचं प्रमाण निदान २० टक्के अंकांनी वाढलं आणि दोन दिवस तसंच राहिलं, तर ती घटना मोजायची. त्यात एक्स-रे धरलेलाच नाही. हे निकष युनिटची आकडेवारी ठेवायला आहेत, खाटेवरच्या माणसाचे उपचार ठरवायला नाहीत. मी पूर्वी जिथे काम करायचे तिथे एकदा ‘निकषात बसत नाही’ म्हणून अँटिबायोटिक सुरू करायला एक अख्खा दिवस गेला. तो दिवस मला अजून सलतो.

आता मी फाइलवर ‘व्हॅपची शक्यता’ लिहिते, शेजारी ट्यूब टाकल्याची तारीख-वेळ आणि पहिलं लक्षण दिसल्याची तारीख-वेळ. अँटिबायोटिकच्या आधी नमुना पाठवते. दोन-तीन दिवसांनी कल्चर आणि रुग्ण दोन्ही बघून ती ओळ पक्की करते, नाहीतर खोडते.