कोल्हापुरात शिक्षक मिळेना. जॅझ आणि प्रोग (प्रोग्रेसिव्ह) रॉकच्या बेस लाइन, म्हणजे बेस गिटारचे सूर, कानानं ऐकून कशा उतरवू?

भावा, आधी मोबाइलचा स्पीकर बंद कर. बेसची खुली ई तार साधारण ४१ हर्ट्झवर वाजते. तेवढं खालचं त्या स्पीकरला झेपत नाही. हेडफोन लाव आणि ऑडॅसिटी या ऑडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये तुकड्याचा पिच १२ सेमीटोन वर ने. एक सप्तक वर गेलं की गढूळ वाटणारा बेस स्वच्छ ऐकू येतो. मी राजारामपुरीतल्या खोलीत दोन वर्षं हे न करता डोकं आपटलंय!

सुरुवात माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या 'सो व्हॉट' या जॅझ रचनेनं कर. धून पॉल चेंबर्सचा बेसच वाजवतो. ३२ बारचा (बार म्हणजे ठोक्यांचं एक आवर्तन, इथं चार ठोके) साचा: १६ डी डोरियन (डी पासूनची एक स्वरमालिका), ८ अर्ध्या सुरानं वर, ८ परत डी. वॉकिंगमध्ये, म्हणजे दर ठोक्याला एक सूर घेत चालणाऱ्या बेसमध्ये, प्रत्येक बारचा पहिला ठोका आधी लिही, बहुतेकदा तिथं कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाचा) मूळ स्वर सापडतो. चौथा ठोका बऱ्याचदा पुढच्या कॉर्डकडे अर्ध्या सुरानं सरकणारा.

प्रोगमध्ये स्वरांपेक्षा मोजणी फसवते. पिंक फ्लॉइडचं 'मनी' (१९७३) बहुतांश सात ठोक्यांत आहे. सात मात्रांचा रूपक ताल मोजणाऱ्या आपल्याकडच्या तबलजीला शेजारी बसव, काम हलकं होईल. टॅब (कोणती तार कुठं दाबायची ते आकड्यांत लिहिलेलं) मात्र आधी बघू नकोस, बरेच चुकीचे असतात.