रोज शिकवतो, रोज विसरते

"आईची स्मरणशक्ती तपासून घ्यायची आहे," असं मुलाने फोनवर सांगितलं होतं. आल्या तेव्हा आई पुढे आणि मुलगा मागे, खांद्याला लॅपटॉपची बॅग. आईंचं वय ६८, निवृत्त शिक्षिका. वहीत लिहिलेल्या आपल्या कविता त्यांना स्वतः टाईप करून ठेवायच्या होत्या. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.)

"रोज शिकवतो, रोज विसरते." मुलाच्या आवाजात चीड कमी आणि भीती जास्त होती. आई तर हळूच म्हणाल्या, "मॅडम, ही विसरण्याच्या आजाराची सुरुवात तर नाही ना?"

हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. नवी गोष्ट रुजायला वेळ लागणं हे वयाबरोबर येतंच. काळजीची लक्षणं वेगळी: ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणं, तोच प्रश्न थोड्या वेळाने पुन्हा विचारणं, वर्षानुवर्षं सवयीचं असलेलं काम जमेनासं होणं. असं काही दिसलं तर आधी डॉक्टरांना दाखवावं. मी दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं. तसं काहीच नव्हतं. घरचा सगळा हिशोब अजून आईच ठेवत होत्या.

मग मी लॅपटॉप उघडायला लावला. म्हटलं, घरी शिकवता तसंच इथे शिकवा.

आईंनी फाईलवर बाण नेला, एकदा क्लिक केलं, नीट लागलं का ते पाहिलं आणि मग दुसऱ्यांदा केलं. मधे इतका वेळ गेला की लॅपटॉपने ते डबल क्लिक धरलंच नाही. यांना फाईलचं नाव बदलायचं आहे असं धरलं. नाव निळं झालं. गोंधळून त्यांनी एक बटण दाबलं, मग बाजूला क्लिक केलं, आणि 'पाऊस' या कवितेच्या फाईलचं नाव झालं नुसतं 'म'. "बघा, गेली! कालही अशीच गेली." तेवढ्यात मुलाचा हात मधे आला. "थांब गं, दे इकडे." दोन-तीन सेकंदांत त्याने सगळं पूर्ववत केलं. आईंनी हात मांडीवर ठेवले, ते पुन्हा वर आलेच नाहीत.

काल त्यांनी हे काम केलंच नव्हतं, फक्त पाहिलं होतं. तेही इतक्या वेगात की डोळ्यांनाही पुरलं नसेल. मग आज आठवणार काय?

मुलाला मी हेर्मान एबिंगहाउसबद्दल सांगितलं. या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरजोड्या पाठ करून स्वतःचंच विसरणं मोजलं आणि १८८५ साली ते प्रसिद्ध केलं. पाठ केलेलं सगळ्यात झपाट्याने विसरतं ते पहिल्या काही तासांत, हे तेव्हा तो तरुण असतानाच दिसलं होतं. आईंसाठी 'राईट क्लिक', 'फोल्डर', 'टॅब' हे शब्द सध्या तशाच निरर्थक अक्षरजोड्या आहेत. थोडं थोडं, दिवसाआड, स्वतःच्या हाताने केलं तर ते टिकतं.

तो ऐकत होता, पण पटल्यासारखं वाटेना. शेवटी म्हणाला, "तिला अडखळताना बघवत नाही. मला सगळं हिने शिकवलंय." खरी अडचण ही होती. तो घाई करत होता ती आईसाठी नव्हे, स्वतःला ते दृश्य सोसत नव्हतं म्हणून.

मी आईंना विचारलं, "पहिलीच्या मुलांना अक्षरं कशी शिकवायचात?"

"पहिले काही दिवस हात धरायचा," त्या म्हणाल्या. "पेन्सिल मात्र कधीच काढून घ्यायची नाही."

मुलगा गप्प झाला. पुढच्या दोन आठवड्यांसाठी एकच गोष्ट ठरली: त्याने तोंडाने सांगायचं, लॅपटॉपला हात लावायचा नाही.

पहिला धडा आम्ही उलटा घेतला, मुद्दाम बिघडवण्याचा. फाईलचं नाव वाटेल ते करायचं आणि कंट्रोल दाबून धरून झेड दाबायचं, की जुनं नाव परत. फाईल डिलीट करायची, रिसायकल बिनमधून परत आणायची. दहा वेळा झालं तेव्हा कुठे त्यांचे खांदे सैल पडले. टचपॅडवर कोरडी बोटं नीट चालत नव्हती, म्हणून साधा माऊस जोडायला सांगितला. सेटिंगमध्ये बाण मोठा केला, डबल क्लिकचा वेग कमी केला. तरीही नाही जमलं तर एकदा क्लिक करून एंटर.

तिसऱ्या भेटीत फाईलचं नाव पुन्हा निळं झालं, पुन्हा बदललं. मुलगा पुढे सरकला आणि त्याने स्वतःचेच हात काखेत घट्ट धरले. आई बटणांवर शोधत राहिल्या. बराच वेळ गेला. मग डावा हात कंट्रोलवर गेला, दुसऱ्या बोटाने झेड दाबलं. 'पाऊस' परत आला. क्लिक, एंटर. कविता उघडली.

मुलगा वाकून वाचायला लागला, तर त्यांनी हाताने स्क्रीन झाकली. "थांब. अजून शुद्धलेखन तपासायचंय."