केनियात शेड टाकण्याआधी

वाळूजचं युनिट गहाण ठेवून केनियात कारखाना टाकायला निघालास, चांगलंय. पण मशिनींआधी विमा बघ, बाबा. ईसीजीसी या निर्यातीचा विमा उतरवणाऱ्या सरकारी कंपनीचा परदेशी गुंतवणूक विमा युद्ध, सरकारी जप्ती, पैसा मायदेशी आणण्यावर बंदी असल्या जोखमी झाकतो. माल खपला नाही तर तुझं तू. जागतिक बँकेची मिगा ही गुंतवणुकीला हमी देणारी संस्था (स्थापना १९८८), तीही धंद्यातला तोटा भरत नाही.

आणि आपल्या दाभोळच्या एन्रॉन वीज प्रकल्पाचं आठव. तो फसल्यावर अमेरिकी सरकारच्या ओपिक या गुंतवणूक-विमा संस्थेनं गुंतवणूकदारांना भरपाई दिली, मग वसुलीला भारत सरकारच्या दारात आली. विम्यापायी गरीब देशात पैसा येतो खरा, पण करार फिसकटला की बिल त्याच्याच गळ्यात. तेव्हा तिथल्या सरकारशी बोलताना हाव जरा आवर. पॉलिसी मात्र पैसे पाठवण्याआधीच घे.